सोऱ्या इकडं, चकती तिकडं

७ मार्च
आज पुन्हा कुरडयांचा चीक बिघडला. खाली लागला, वर गुठळ्या. म्हशीपुढं ठेवला तर तिनंही हुंगून मान फिरवली. पुण्याच्या बाईंना लेकीच्या रुखवतासाठी कुरडया कबूल करून बसले आहे. पांढऱ्या, बारीक, एकही मोडलेली नको. हो म्हणायला जिभेचं काय जातं.
हे काम दोघींचं. एकीनं ओतायचं, दुसरीनं घाटायचं. आधी जाऊबाई होत्या. आता पातेलं आणि मी.

९ मार्च
मंचावर प्रश्न टाकला. घरगुती धंदेवाल्या बायकांचा, फोनवरचा मंच. रुखवताची ऑर्डर तिथूनच आली. खरं नाव नको म्हणून मी तिथं 'कुरडईवाली'. विचारलं, "मोठ्या पातेल्यात एकटीने चीक कसा घाटावा?"
एकीनं लिहिलं, थोडा थोडा करा. एकीनं, मशीन घ्या. एकीनं विचारलं, चीक म्हणजे काय. अशांना काय सांगायचं.

११ मार्च
आणखी एक उत्तर आलं. नाव 'एक गृहिणी'.
"गॅसवर नको, चुलीवर घ्या. आणि घाटताना बोलत राहा. बोलणं थांबलं की हात थांबतो, हात थांबला की गुठळी."
फोन पदराखाली घेऊन न्हाणीत जाऊन बसले. जाऊबाई हेच म्हणायच्या. "बोल गं, गप नको बसू. गप बसलं की गुठळ्या व्हतेत." मी नवी होते, लाजायचे, तर माहेरच्या म्हशींची नावं विचारून बोलतं करायच्या. असं म्हणणारी दुसरी बाई जगात नसेल.
असेलही. मी कुठं जग पाहिलंय. फार तर नांदेड.

१२ मार्च
दिवसभर तेच डोक्यात. दोघा भावांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं, थोरले जाऊबाईंना घेऊन मानवतला जाऊन राहिले. हा तिसरा उन्हाळा. ह्यांचं एकच, "त्या घराचं नाव काढायचं न्हाई." माझ्या फोनातला जाऊबाईंचा नंबरही ह्यांनीच पुसला.
भांड्यांची वाटणी पुरुषांनी केली. नगाला नग. कुरडया पाडायचा पितळी सोऱ्या इकडं आला, त्याच्या चकत्या डब्यासकट तिकडं गेल्या. आम्ही दोघी दारात उभ्या. दोघींना दिसत होतं. दोघी गप्प. तेव्हा बसलेली गुठळी अजून सुटली नाही.
बाजारातून नवा सोऱ्या आणलाय. तार जाड पाडतो.

१५ मार्च
सरळ विचारू का, तुम्हीच ना म्हणून? नाही म्हणाल्या तर? किंवा ओळखलं म्हणून लिहायचंच बंद केलं तर? आता निदान आहेत.
खासगी निरोपाची सोय आहे. बोट तिथवर नेलं आणि परत आणलं. शेवटी सगळ्यांसमोरच लिहिलं, "चुलीपुढं बसवतं का तुम्हाला? गुडघे कसे आहेत?"
संध्याकाळी मंचवाल्यांनी उडवलं. "विषयाला धरून लिहावे." ह्यांच्या विषयात गुडघे येत नसावेत.

१६ मार्च
एक गृ. चं उत्तर, अगदी विषयाला धरून: "चीक घाटताना पाट घ्यावा. मी आता पाटावरच बसते. पूर्वी लागत नव्हता."
म्हणजे वाढलंय दुखणं. कोण चोळून देत असेल? मी द्यायचे. इथून मानवत ते किती, आणि मला एवढंही बघायला जाता येत नाही. फार आठवण आली. भाकरी करपली.

१९ मार्च
गहू छान आंबलाय. मंचावर लिहिलं, उद्या पुन्हा घालते, भीती वाटते. लगेच आलं: "मीही उद्या सकाळीच घालते. तुम्ही तिकडं बोला, मी इकडं बोलते."
दहादा वाचलं.

२० मार्च
मागच्या अंगणात चूल पेटवली, पाट घेतला आणि बोलत सुटले. तुमच्या शेवग्याला ह्या साली लय शेंगा आल्या. तुमच्या जागेवर मांजर निजतं. कोपऱ्यावरच्या सुमनच्या लेकीचं जमलं. सगळं. हात थांबला नाही, रडूही आलं, पण हात थांबला नाही.
मागं हे.
"कोणाशी बोलायलीस?"
"चिकाशी."
पातेलं डुगडुगत होतं. हे फडकं घेऊन बसले आणि काठ धरला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा चुलीपाशी. म्हणाले, "वैनी तर कुणाला हात लावू देत न्हवत्या."
ज्या घराचं नाव काढायचं नाही ते ह्यांनीच काढलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. न जाणो, परत गिळून टाकायचे.
चीक काचेसारखा झाला. एक गुठळी नाही.

२३ मार्च
कुरडया वाळल्या. पांढऱ्या आहेत, पण जाड. रुखवतात शोभायच्या नाहीत. नवा सोऱ्या कितीही दाबा, तेच.
मंचावर लिहिलं, "माझ्याकडे जुना पितळी सोऱ्या आहे. चकती नाही. कोणाकडे आहे का?"

२४ मार्च
दुपारी उत्तर.
"माझ्याकडे चकती आहे. सोऱ्या नाही."
बाकी काही नाही. फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला. तोवर मंचवाल्यांनी दोन्ही उडवलं होतं, इथे वस्तूंची देवघेव करू नये म्हणून. उडवा. मी वाचलंय, त्यांनी लिहिलंय.

२७ मार्च
त्यानंतर एक अक्षर नाही. मीही लिहिलं नाही. काय लिहिणार, आता चिकाविषयी?
जेवताना हे: "उद्या मानवतच्या मोंढ्यात हरभरा विकायला घालायचा हाय."
"मी पण येते."
"तुझं काय काम?"
"चकती बघायची."
नाही म्हणाले नाहीत.

२८ मार्च
चिंच लावून सोऱ्या घासला. पिशवीत घातला, वर थोड्या कुरडया. जाड आहेत, त्या हसतील. हसू देत. घर कुठं आहे हे मला माहीत नाही, ह्यांना असावं.
हरभरा टेंपोतून पुढं गेला. आम्ही मोटरसायकलवर. ह्यांनी पिशवी उचलून बघितली.
"लय जड हाय. काय हाय?"
"सोऱ्या."
हँडलला अडकवायला गेले, थांबले, माझ्याकडं दिली. "मांडीवर घे. आदळंल." मग गाडी पुसता पुसता, माझ्याकडं न बघता, "मोंढ्यात मला लय येळ लागतो. तोवर तू कुठं बसशील?"
म्हटलं, "तुमीच सांगा."
मी आत येऊन हे लिहिते आहे. खिडकीतून दिसतात. अजून पुसताहेत. गाडी तर कालच धुतली होती.