तळाची पट्टी

दि. २ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. इथे आम्ही दोघी ठीक आहोत, आईचा खोकला थांबला. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. झालं ते आधी क्रमाने मांडते.

१. गेल्या उन्हाळ्यात तू भावोजींच्या दुकानातल्या वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचं पोतं आईला पाठवलंस.
२. आईने त्यांची दोरी करून तुझ्यासाठी टांगती खुर्ची विणली.
३. ती तुझ्या गॅलरीत उन्हात टांगली गेली.
४. तुझे सासरे तीत बसले आणि खाली आपटले.
५. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "आई, तुझ्या हातात आता जोर राहिला नाही. बंद कर हे विणणं."
६. आईने बंद केलं.

इथवर तुला मान्य असावं.

तुटलेला भाग मी आमच्या प्रयोगशाळेत नेला. एकही जोड सुटलेला नव्हता. प्लास्टिकच मोडलं होतं, चिमटीत धरलं की वाळल्या पानासारखा चुरा होत होता. घरी येऊन मी आईच्या कातरणांची उशी उसवली. तिची पद्धत तुला ठाऊक आहे. पिशवी तळहाताने सपाट करायची, वरचे बंद आणि तळाची पट्टी कापून उशीत कोंबायची, उरलेल्या भागाची कडी कापून एकात एक ओवायची. या पिशव्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं की त्या उन्हात आपोआप विरतात. आईची कात्री नेमकी तिथेच आधी चालते. तिने ते वाचलंच नाही.

मग मी भावोजींना फोन केला. त्यांना लपवता येत नाही. म्हणाले, "अगं, मी हिला तेव्हाच सांगितलं होतं, या पिशव्यांचा भुगा होतो. ही म्हणाली, होऊ दे, आईला तेवढाच विरंगुळा."

म्हणजे सासरे पडले तेव्हा तुला कारण माहीत होतं. नवऱ्याच्या दुकानाला नाव ठेवलं जाण्यापेक्षा आईच्या हातांना ठेवलेलं तुला सोयीचं वाटलं. सासरी तुझी मान ताठ राहिली, अभिनंदन.

हल्ली आई बरणीचं झाकण मला उघडायला देते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. डॉक्टरांना दाखवलं, हातांना काहीही झालेलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या बायका अजून विणणं शिकायला येतात, आई त्यांना दारातूनच परत पाठवते. शिंपीणकाकूंनी खूप समजावलं. म्हणाल्या, एक व्याही पडला म्हणून सुया टाकायच्या, तर मी शिवलेल्या किती विजारी भर लग्नात उसवल्या, मी तर परागंदाच व्हायला हवं. आई हसलीसुद्धा नाही. पंधरा तारखेला, रविवारी, ती आपल्या सगळ्या सुया त्या बायकांना वाटून टाकणार आहे. त्यानंतर ती पुन्हा सुई हातात घेणार नाही. एकदा दिलेली वस्तू ती परत मागत नाही, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

तूच सांग ना तिला, असं म्हणशील. सांगितलं. चाचणीचा निकाल दाखवला, पट्टी दाखवली, तिच्यासमोर खुर्चीचा तुटलेला तुकडा बोटांनी चुरून दाखवला. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुझी मशीन खरं सांगत असेल गं. पण ताई उगाच बोलायची नाही."

हे लिहायचं नव्हतं. पण त्यावाचून हे पत्र कशासाठी, ते तुला कळणार नाही. माझ्यासाठी तिने आजवर काही विणलेलं नाही. मी मागितलं नाही, तिला सुचलं नाही. ती खुर्ची मात्र तिने तीनदा उसवून पुन्हा विणली, कारण तुला सैल वीण आवडत नाही. माझ्या शब्दाने तिचे हात परत येणार असते, तर मी तुला एक ओळही लिहिली नसती.

तू थेट आईला पत्र लिही. पिशव्या कसल्या होत्या, तुला कधीपासून माहीत होतं, आणि तिच्या हातांत काही दोष नाही, एवढंच. भावोजींचं नाव टाळलंस तरी चालेल. माझी क्षमा मागू नकोस, त्याचा उपयोग नाही.

पत्र शुक्रवारी, तेरा तारखेला, तिच्या हातात पडायला हवं. लिहिणार नसशील तर त्याच दिवसापर्यंत मला तसं कळव.

तुझी धाकटी