नेट आता नीट चालतंय

बाबा,

तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. मी कामावर निघाले.

नेटवाल्याला आता फोन करून झापू नका, त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. कॉम्प्युटरने काहीही विचारलं की तुम्ही आपलं हो म्हणत आलात. त्यामुळे तो सुरू झाला की दहा-बारा प्रोग्रॅम आपोआप उघडायचे आणि सगळे एकदम नेटवर तुटून पडायचे. मग तुम्ही वैतागून तो बंद करून पुन्हा सुरू करायचात, की त्यांचं परत पहिल्यापासून. मी ते सगळे बंद केलेत. फक्त व्हिडिओ कॉलचा ठेवलाय. आता चष्मा पुसून होईपर्यंत नेट लागतं.

तपासायला म्हणून तुमच्याच खात्यावरून धाकट्याला कॉल लावला. रिंग व्यवस्थित गेली. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे तो समोरच बसला होता. उचलला नाही. पुन्हा लावला, तर कापला.

आई रोज केस विंचरून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत त्याच्या कॉलसाठी बसते आणि तुम्ही तिला म्हणता, "नेटच हळू आहे, तो तरी काय करणार." मलाही ते खरंच वाटायचं.

तिला मी काही बोललेले नाही. संध्याकाळी ती विचारेलच. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. नाहीच सांगवलं, तर राउटरची वायर थोडी ढिली करून ठेवा. आल्यावर मी ती घट्ट करणार नाही.

मोठी