हिरव्या पट्ट्यांची पांघरुणं

किशिनाव, १० जानेवारी २०२३

ती. इलारियॉनदादास,

सा. न. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून हे पत्र कोस्तिकाच्या ट्रकमधून पाठवते. वहिनीचा खोकला कसा आहे?

आता कामाचं. कोस्तिका म्हणतो, फेवरोनियाच्या घरासाठी दिलेली हिरव्या पट्ट्यांची पांघरुणं रीपात घरोघरी वाळत होती. एक तर तुझ्याच कुंपणावर. लढाईतून सीमेवरची नदी ओलांडून तुमच्या गावात आलेली ही माणसं मोठ्या छावणीत नाहीत, म्हणून कुणाला दिसतही नाहीत. त्यांच्यासाठी आमच्या मदत ऑफिसातल्या साहेबांच्या नाकदुऱ्या काढून मी ट्रक मिळवते. वाटप तुझ्या हाती दिलं, कारण तू भाऊ. मग पांघरुणं तुझ्याकडे कशी?

उत्तराची वाट बघणारी,
झिना

रीपा, १८ जानेवारी

चि. झिनास,

अ. आ. खोकला बरा आहे. तुझी वहिनी म्हणते, झिनाला पोलिसात घालायला हवं होतं. कोस्तिकाला सांग, ट्रक चालवताना रस्त्याकडे बघ, लोकांच्या कुंपणांकडे नको.

पांघरुणं आमच्याकडे आहेत, खरं आहे. चोरलेली नाहीत, विकत घेतलेली नाहीत. कुणाला तरी शब्द दिलाय, त्यामुळे पुढचं विचारू नकोस. फेवरोनियाच्या सुनेचे, ओलेस्याचे, दिवस भरत आलेत. घर गारठलंय, नातवंडं कोट पांघरून झोपतात. एक लोखंडी चूल पाठव.

माया कमी करू नकोस.
इलारियॉन

किशिनाव, २४ जानेवारी

ती. दादास,

सा. न. पोरं कोटाखाली आणि पांघरुणं तुमच्याकडे, हे तूच लिहितोस! लहानपणी मुरंबा संपला की तू मांजराचं नाव सांगायचास. निदान तेव्हा उत्तर तरी मिळायचं.

चूल या ट्रकमध्येच आहे. तुझं खरं उत्तर हातात पडल्याशिवाय कोस्तिका ती उतरवणार नाही. पुढचा ट्रकही दुसऱ्या गावाला जाईल. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण भाऊ म्हणून डोळे मिटून घेणं मला जमणार नाही.

झिना

रीपा, २५ जानेवारी

चि. झिनास,

अ. आ. कोस्तिका अंगणात आमच्याच कोंबडीचं सूप पितोय, एक हात चुलीवर ठेवून. जणू मी ती पळवणार आहे.

परवा ओलेस्याला मुलगी झाली. आज सकाळी तिनंच सासूला विचारलं, तो गेला ना? म्हणून मी शब्दातून मोकळा झालो. फेवरोनियाचा मुलगा आघाडीवर खंदकात थंडीनं आखडून गेला. अवघडलेल्या सुनेला सांगणार कसं? तेवढ्यात त्याचा चाळिसावा, दानाचा दिवस आला. मेलेल्याच्या नावानं इथं दिलेलं तिकडे त्याला मिळतं, हे तुला सांगायला नको. फेवरोनियापाशी द्यायला होती फक्त तुझी पांघरुणं. सून झोपेत असताना ती मेणबत्ती पेटवून एकेका दारी गेली. आमच्या दारात म्हणाली, "घ्या. त्याला तिकडे ऊब लागू दे."

नाही कोण म्हणणार? नंतर आम्ही आमच्या रजया घेऊन गेलो, तर तिनं दार लावून घेतलं. बदल्यात काही घेतलं तर दान कसलं, म्हणाली. ट्रकवाल्यांना मात्र कळू देऊ नका, मदत बंद होईल, असंही म्हणाली. खरं सांगू, तुझं दुसरं पत्र वाचून मलाही तसंच वाटलं.

एक पांघरूण तिनं तुझ्यासाठी ठेवलं होतं. कोस्तिकाजवळ देतो. परत धाडू नकोस.

तुझ्यावर रागावलेला, तरी तुझाच,
इलारियॉन

किशिनाव, २७ जानेवारी

ती. दादास,

सा. न. पांघरूण मिळालं. दान घेताना म्हणतात ते 'बोगदाप्रोस्ते' माझ्या वतीनं तिला म्हण. ऑफिसात सांगितलं, माझी चौकशी संपली.

आणि कोस्तिकाला मी तो निघतानाच बजावलं होतं, उत्तर काहीही येवो, चूल उतरवूनच ये. तुला ते कळू द्यायचं नव्हतं.

पुढच्या ट्रकमध्ये पुन्हा पांघरुणं आहेत. ही बाळाची, असं फेवरोनियाला नीट सांग. मी मेणबत्ती घेऊन चर्चला निघाले होते, दारातून परत फिरून हे लिहितेय. त्या मुलाचं नाव तू लिहिलंच नाहीस, दादा. नावावाचून ती लावू कशी?

तुझी,
झिना