गाजराचा दोष नव्हता

आंग मो किओ, सिंगापूर
१२ जून २०१६

प्रिय शैलाताई,

माझ्या सुजलेल्या आतड्यांसाठी तू नाशिकहून इथे आलीस. आहाराचा पहिला टप्पा नुसत्या पेजेचा होता. तीन आठवड्यांनी तू शिजवलेलं गाजर दिलंस आणि त्याच संध्याकाळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. "गाजर सोसलं नाही रे तुला," म्हणत तू मला पुन्हा पेजेवर आणलंस. असं तीनदा झालं. तू मुक्काम वाढवलास, आणि तिकडे तुझ्या ऋताने दहावीची परीक्षा आईवाचून दिली. निघताना तू म्हणालीस, "माझ्याच हातून काहीतरी चुकलं."

ताई, त्या तिन्ही दिवशी मी ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यावर तिखटजाळ नूडल्स खाल्ले होते.

तू गेल्यावर लाजेपोटी मी तुझेच टप्पे पहिल्यापासून नीट पाळले. आता भाकरीसुद्धा पचते. काल फोनवर तू विचारलंस, "नव्या औषधाने गुण आला ना रे?"

औषध जुनंच आहे. तरी मी "हो" म्हणालो, आणि तू मनापासून माझ्या डॉक्टरांना आशीर्वाद दिलेस.

हे पाठवायचं धैर्य नसलेला,
तुझा सारंग