आईच्या पलंगापर्यंतची वायर

प्रिय बारक्या,

तुझं कार्ड मिळालं होतं. येत्या आठवड्यात बूथवरून फोन करतो, आईशी बोलेन, बाबांनी उचलला तर काय ते बघू, असं तू लिहिलं होतंस. आईला ते वाचून दाखवलं आणि तू नको म्हटलं असतानाही बाबांना सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली, स्टूल ओढलं आणि माळ्यावरून हत्यारांची जुनी पिशवी खाली काढली. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच. पडलात तर घरात दोन पलंग लावावे लागतील, असं मी ओरडले, तर म्हणाले, बडबड करू नकोस, स्टूल धर.

आई आता पलंगावरून उठत नाही. फोन बाहेरच्या खोलीत, तिला उचलून तिथं नेणं जमण्यासारखं नाही, तेव्हा फोनच तिच्यापर्यंत न्यायचा असं बाबांनी ठरवलं. लांब वायर दुकानात तयार मिळते, मी येताना आणते, म्हटलं. पण जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस विकतची वायर घरात येऊ देईल होय! त्यांनी जुने तुकडे जमवले आणि पक्कड, ब्लेड, बारका स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर काम मांडलं. टोकाची प्लॅस्टिकची पिन असते ना, तिच्यातल्या इवल्याशा पट्ट्या आईच्या रफूच्या सुईनं उचलायच्या, नवी वायर आत सरकवायची आणि एकेक पट्टी पुन्हा दाबून बसवायची. निम्म्या पिना वाया गेल्या. दर वेळी शिवी हासडायचे आणि पुन्हा चष्मा पुसायचे.

रिसीव्हरची वेटोळ्यांची वायर आणखी नाजूक. तिच्या आत तार नसतेच म्हणे, दोऱ्याला गुंडाळलेला तांब्याचा वर्ख असतो, कथलाचा डाग देऊन जोडायला जावं तर दोराच जळतो. ती त्यांनी लांब केली, माझ्या विणायच्या सुईवर घट्ट गुंडाळली आणि वरून कढत पाणी ओतलं, म्हणजे वेटोळी पक्की बसतात आणि आईच्या उशीवर ओढ येत नाही. माझा स्वेटर तेवढे दिवस तसाच पडून. सगळं जोडून झाल्यावर रिसीव्हर आईच्या कानाशी नेऊन बघितला, नीट पोचत होता, टोनही येत होता. आईनं माझ्याकडून केस विंचरून घेतले. फोनवर कोण बघणार आहे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण नाही बोलले.

मग बाबांचा हुकूम निघाला. घरातल्या कुणी रिसीव्हर उचलायचा नाही. आपण बोलत बसायचो आणि नेमका तेव्हाच तुझा फोन यायचा. डॉक्टरांना बोलवायचं झालं तरी मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन फोन करायची. बाबा फोनसमोर खुर्ची टाकून बसायचे, जेवायलाही तिथेच.

फोन वाजला नाही. आठवडा गेला, वरती आणखी दिवस गेले. आई आधी विचारायची, मग नुसती माझ्याकडे बघायची, मग बघेनाशी झाली. मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

आणि मग एक दिवस मावशी आली ती तणतणतच. फोन काढून ठेवलाय की काय तुम्ही, कधीही लावा, एंगेज! बाबांनी रिसीव्हर उचलला. आत काहीच नाही, नुसता मुका. टॉर्च घेऊन ते वायरीच्या कडेकडेनं रांगत पलंगाखाली गेले. तिथे त्यांनी जोड दिला होता. दोन तारांचे जोड समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत, एक पुढे, एक मागे, हे त्यांनी आपल्याला लहानपणी कितीदा दाखवलंय. या वेळी दोन्ही शेजारी शेजारी आले होते, नंतर कधीतरी पलंगाचा पाय सरकून वर बसला, आणि चिकटपट्टीच्या आत तारा एकमेकींना चिकटलेल्या. तशा त्या चिकटल्या की बाहेरच्याला एंगेज ऐकू येतं. आपल्या घरात एकानं जरी एकदा रिसीव्हर उचलला असता तरी कळलं असतं रे. मैत्रिणीशी चकाट्या पिटायला मी उचलला असता तरी चाललं असतं. बाबा बाहेर आले आणि जमिनीवरच बसले. दिसत नाही गं आता, म्हणाले, आणि रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. काय करायचं ते मला कळेना, मी टॉर्च बंद केला.

जोड त्याच दिवशी दुरुस्त झाला. मावशीनं घरी जाऊन फोन लावून पाहिला, वाजला. आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं माझा हात थोपटला आणि फोन पलंगाजवळून हलवायला सांगितला. तुझा फोन आलाच नाही आणि आम्ही तिची समजूत घालतोय, असं तिला वाटतं. ती आता खातही नाही. पुढच्या महिन्याचं काही विचारलं की डॉक्टर विषय बदलतात.

तुझ्या खोलीवर फोन नाही, म्हणून हे पत्र. तू गेलास त्या दिवशी दारात बाबा तुला काय म्हणाले, ते आम्ही तिघंही विसरलेलो नाही, तू तर कसा विसरशील? या घरी फोन करायचा नाही, केलास तर रिसीव्हर काढून ठेवलेला असेल, एंगेज ऐकत बस जन्मभर. बारक्या, तू केला होतास ना फोन? एंगेज ऐकून पुन्हा केला असशील, पुन्हा तेच. मग बूथमधून बाहेर पडताना तुला काय वाटलं असेल, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रिसीव्हर काढून ठेवला नव्हता रे. बाबा म्हणतात, लिहू नकोस, मी जे बोललो त्यानंतर यावर कोण विश्वास ठेवील? आई ठेवत नाही. तू ठेव, आणि ती आहे तोवर पुन्हा एकदा लाव.

तुझीच,
ताई