डेअरीच्या फळ्यावरची साखर

तीर्थस्वरूप मनकर्णाआक्कास, राहुरीकडच्या धाकट्या रंगनाथचा दंडवत. गुडघे काय म्हणतात? पारनेरची हवा मानवते ना? इकडे सगळं ठीक. (ठीक म्हणजे किती, ते पुढे कळेलच.)

मानेवर गाठ आली म्हणून महिन्यापूर्वी नगरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त घेतलं, आणि गाठीचा तुकडाही तपासायला पाठवला. (तुझ्या भावजयीला, मुक्ताला, तुकड्याचं सांगितलेलं नाही. पट्टी पाहून तिने विचारलं, तर गळू फोडलं म्हणालो.) तिथल्या मोनिकाने फॉर्म भरताना ईमेल मागितला, रिपोर्ट म्हणे आता कागदावर देत नाहीत. माझा कुठला ईमेल? दुधाच्या पावतीवर आपल्या डेअरीचा छापलेला असतो, तोच दिला. आपली पत्रंही वडिलांपासून डेअरीतच येतात, तेव्हा यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

पण डेअरीचा सहादेव पडला नेमाचा माणूस. आलेला प्रत्येक मेल छापायचा आणि फळ्यावर लावायचा, म्हणजे सभासदांना कळवलं नाही असं कुणी म्हणायला नको. माझ्या रक्ताचा रिपोर्ट त्याने फॅटच्या यादीशेजारी टाचला. सकाळी कॅन घेऊन गेलो तर वीसेक माणसं मान वर करून माझी साखर वाचत होती. जेवणानंतरची दोनशे ब्याऐंशी. "रंगनाथच्या म्हशीची फॅट बरी हाय, पर ह्येची साखर लई झाली," असा निकाल चेअरमन आप्पासाहेबांनी दिला.

त्या दिवसापासून गावात मला गोड चहा बंद. लग्नात वाढपी जिलेबीचं ताट घेऊन माझ्या पुढून असा जातो, की मी तिथे बसलेलोच नाही. शेवटी म्हैस बघतो म्हणून घोडेगावच्या बाजारात गेलो, खरं तर चहासाठीच. बशी ओठाला लावली आणि मागून हात आला. आपल्या गावचा पीरमहंमद, शेळ्या विकायला आलेला. "तुमाला चालत न्हाई, रंगूभाऊ," म्हणाला आणि माझा चहा पिऊन मोकळा झाला.

गोळ्यांचं विचारायला पुन्हा नगर गाठलं. काचेतून डॉक्टर मला दिसत होते, मी त्यांना दिसत होतो. मोनिका म्हणाली, "काका, शंका मेलवर पाठवा, सर उत्तर देतात." दोन एसट्या बदलून परत आलो, सहादेवकडून मेल लिहून घेतला. उत्तर आलं, प्रत्यक्ष येऊन भेटा. तेही फळ्यावर लागलं. आक्का, मी थकलो बघ. आजाराने नाही, चौकशीने.

बाकी काळजी नसावी. भावजींना नमस्कार.

तुझा रंगनाथ

ता. क. : डिंकाचे लाडू केले असशील तर डेअरीच्या टेम्पोतून पाठवू नकोस. इथवर पोचायचे नाहीत.

आणखी एक : तुकड्याचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात यायचा आहे. तो फळ्यावर लागला तर मुक्ताला माझ्याआधी गाव सांगेल. म्हणून मोनिकाच्या हातापाया पडून पत्ता बदलून घेतला आणि तुझ्या नातीचा, निकिताचा ईमेल दिला. दिवाळीत तिने माझ्या वहीत लिहून दिला होता. चांगलं निघालं तर तिने फोन करावा. वाईट असेल तर फोन नको, मेल तर नकोच, तू स्वतः ये. मला भीती वाटते, आणि मुक्ताला सांगणं एकट्याने जमायचं नाही. येताना लाडू आण. मग साखरेचं कुणी विचारणार नाही.