साच्यांच्या खोलीवरचा हुकूम

प्रिय बारक्या,

'साहेब' लिहायला घेतलं होतं, पण हाताने ऐकलं नाही. गेल्या सोमवारी संरक्षण खात्यातून तुझ्या सहीचा कागद आमच्या ओतकामाच्या कारखान्यात आला. महिनाअखेर साच्यांची खोली रिकामी करायची, साचे भट्टीत घालायचे आणि तिथे तोफगोळ्यांची दुसरी लाइन बसवायची. सही तुझीच, बाबांसारखं शेवटी शेपूट ओढलेली. मॅनेजरने कागद माझ्या नाकासमोर धरला आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं की तुमच्याच भावाने मंजूर केलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चारचौघांत काय बोलणार? आठवडाभर राग गिळला. आज सुट्टी आहे, म्हणून बसले आहे. पत्र गोड लागणार नाही, तेव्हा आधी चहा पिऊन घे.

पेपरातला तुझा लेख तुझ्या दाजींनी मला वाचून दाखवला. पंपघरातून येताना ते पेपर घडी करून खिशात घालून आणतात आणि जेवल्यावर वाचतात. तू लिहिलं होतंस की सैन्यावरचा खर्च कितीही मोठा दिसला तरी देशाला सहज पेलवतो. कारखान्याला काम मिळतं, कामगाराला पगार मिळतो, दुकानदाराला गिऱ्हाईक मिळतं, पैसा देशातच फिरतो. शेजारी वर चढत जाणारी एक रेघही काढली होतीस. दाजींनी ती रेघ बराच वेळ पाहिली, मग चष्मा काढला आणि मला विचारलं की यात आपल्या वरच्या आळीचा नळ कुठे आहे. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष झकास गेलं. दोन-दोन पाळ्या, जादा कामाचे पैसे वेगळे. आम्ही फ्रिज घेतला. भट्टीवाल्याने मुलीचं लग्न उरकलं आणि मांडवात सगळ्यांना सांगत सुटला की हे ताईच्या भावामुळे. मीही मान ताठ करून फिरत होते. मग हळूहळू भाजीपासून चपलेपर्यंत सगळं महाग होत गेलं. होणारच. गावातल्या सगळ्यांच्या हातात पगार, आणि गावातले सगळे कारखाने बनवतात काय, तर गोळे. गोळा कोणी शिजवून खात नाही, पायात घालत नाही. पूर्वी आमच्याकडे पंपाचे भाग व्हायचे, गिरणीची चाकं व्हायची, शिलाई मशीनचे पाय व्हायचे. ते सगळं बंद. आता तर पगारही दोन-दोन महिने अडकतो, कारण सरकारकडून बिल येत नाही, आणि शाळेचं गळकं छप्पर सलग तिसऱ्यांदा पुढच्या वर्षावर गेलंय. तुझी ती रेघ वर चढत असेल, पण आम्ही तिच्या कुठल्या टोकाला आहोत ते एकदा येऊन दाखव.

आता माझ्या चुकीचं सांगते. ती तुला कोणी सांगितली नसणार. आमचं काम कसं असतं ते तू विसरला असशील. आधी लाकडाचा हुबेहूब साचा करायचा, तो वाळूत दाबून पोकळी करायची, पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून साचा थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे वेगळ्या मोजपट्ट्या असतात. लोखंड कमी आकसतं, ब्राँझ जास्त, म्हणून प्रत्येक धातूची पट्टी निराळी. दोन वर्षांपूर्वी पहिली लाइन बसवताना अर्धी खोली रिकामी केली आणि ते साचे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकले. पाण्याने लाकूड फुगलं, वाकलं. गेल्या वर्षी पंपघरातल्या दोन नंबरच्या पंपाचं आतलं चाक फुटलं, पाणी वर फेकणारं. जुना साचा शेडमधून काढला तर तो पापडासारखा वाकडा झालेला. मॅनेजर म्हणाला, नवीन कर, पण गोळ्यांचं काम थांबवायचं नाही. मी तीन दिवसांत, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात साचा उभा केला. चाक ब्राँझचं. माझ्या हातात मात्र लोखंडाची पट्टी, कारण वर्षभर गोळ्यांसाठी तीच धरलेली. चाक लहान झालं. थोडंसंच, पण पंपाला थोडंसं चालत नाही. तीस वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं. बाबा असते तर त्यांनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली असती, आणि मी ती घेऊ दिली असती.

तेव्हापासून दोन नंबरच्या पंपाला जोर नाही, आणि गोळ्यांच्या कामातून पुन्हा साचा करायला मॅनेजर वेळ देत नाही. वरच्या आळीत पाणी चढत नाही. उतारावरच्या दवाखान्यात टँकर जातो, तोही आला तर आला. लोक दाजींच्या नावाने बोटं मोडतात. परवा एकीने रिकामी कळशी पंपघराच्या दारात आणून ठेवली आणि निघून गेली. दाजी घरी येऊन जेवले नाहीत. चूक माझी आणि बोलणी त्यांना. एक नंबरचा पंप आता एकटा गाव ओढतोय, आणि त्याचा साचा याच खोलीत आहे, डावीकडून तिसऱ्या फळीवर, ज्या खोलीला तू काडी लावायला निघाला आहेस. उद्या तोही बसला तर मी चाक कशावरून करू? तुझ्या लेखावरून?

मंगळवारी फोनवर तू मला सरहद्द समजावलीस. सरहद्द राखायला नको असं म्हणणारी मी नव्हे. गोळे मी स्वतःच्या हातांनी केलेत, आणि चांगले केलेत. पण किती करायचे याला काही माप आहे की नाही? गोळा कोठारात पडून राहिला तर धूळ खातो आणि उडाला तर संपला. पंप एकदा बसवला की वीस वर्षं गावाला पाणी देतो, त्या पाण्यावर गिरणी चालते, दवाखाना चालतो, आणि त्यातूनच तुझा तो कर गोळा होतो ज्याच्यातून तू पुन्हा गोळे मागवतोस. पंप मोडून गोळे करायला लागलास तर गोळ्यांचे पैसे तरी कुठून आणशील? मी आठवी शिकलेली बाई, मला हे कळतं. तुझ्यासाठी बाबांनी डोळे फुटेपर्यंत काम केलं, तुला पुस्तकं दिली, मला रंधा दिला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. या आठवड्यात वाटलं. तू तिकडे गार खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकतोस आणि मी इकडे लोकांच्या रिकाम्या कळशा मोजते. हे खरंच खूप लागलंय मला, बारक्या. राग आहेच, पण त्याच्या खाली लागलंय.

पत्र लिहायचं कारण आता सांगते. कारखान्यातला साचा मोडीत काढायचा तर सर्वांत जुन्या साचेवाल्याने त्या साच्यापुढे 'निरुपयोगी' लिहून सही करावी लागते. ती सर्वांत जुनी मीच. म्हणून तर तू फोन केला होतास आणि शेवटी हळूच म्हणालास की ताई, एका सहीचा तर प्रश्न आहे. मॅनेजरला वाटलं होतं मी खाली एक आडवी रेघ मारून मोकळी होईन. त्याने माझ्या निवृत्तीला चार महिने उरल्याची आठवणही करून दिली. मी खोलीत स्टूल टाकून तीन दिवस बसले. तीनशे बारा साचे आहेत. प्रत्येकापुढे 'वापरात आहे' असं लिहिलं, आणि तो कुठल्या गावच्या पंपाचा, कुठल्या गिरणीचा, कुठल्या दवाखान्याचा, तेही लिहिलं. दोनशे सात नंबरचा तुझ्या शहराचा आहे. तुझ्या घराच्या नळाला पाणी देणारा पंप त्याच्या चाकावर चालतो, आणि दाजींनी तिथल्या पंपवाल्याला फोन करून विचारलं, त्याच्याकडेही जादा चाक नाही. माझं म्हणणं खोडायचा अधिकार तुला आहे, मला माहीत आहे. पण नियमाप्रमाणे ते एकगठ्ठा खोडता येत नाही. प्रत्येक साच्यापुढे कारण लिहून तुला स्वतःच्या हाताने सही करावी लागेल. फाइल सोमवारी तुझ्या टेबलावर येईल. एका सहीचा प्रश्न म्हणाला होतास ना? आता तो तीनशे बारा सह्यांचा आहे.

तुझीच, अजून तरी,
ताई